बांधाचा फोटो

खाणीवरची जनसुनावणी दुसऱ्या दिवशी होती आणि बांधाच्या फोटोपाशी आलं की स्लाइड अडकत होती. डिचोलीजवळच्या त्या खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम संजना बघत असे. मॅनेजर गोकुळदासबाब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. फोटो फार जड झालाय, त्याची लहानशी जेपीजी कर, म्हणाले.

तिने केली. स्लाइड झटकन उघडली, पण बांधावरची एक बारीक काळी रेघ दिसेनाशी झाली. संजनाने मूळ पीएनजी उघडून मोठी करून पाहिली. भेग होती ती, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. बांधामागे खाणीच्या मातीचा डोंगर नि साठलेलं पाणी, आणि पुढे, उताराला, घरं.

पीएनजीत सगळं जसंच्या तसं राहतं, जेपीजी जागा वाचवायला बारीकसारीक टाकून देते, असं तिने त्यांना समजावलं. भेगही दाखवली. त्यांनी वाकून ती पाहिली.

"निलेश आपलाच ट्रक चालवतो ना गो?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मग जेपीजीच ठेव."

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून संजनाला त्यातली धमकी कळली. ते निघून गेल्यावर तिने हात माउसवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग सबंध फोटोतला भेगेपुरता तुकडा कापून तिने तो पीएनजीतच स्लाइडवर लावला. एवढासा तुकडा, फाइल हलकीच राहिली.

पंचायतीच्या हॉलमध्ये ती स्लाइड कुठेही न अडकता उघडली. भेग भिंतभर पसरली आणि लोकांची कुजबुज थांबली. गोकुळदासबाबांनी संजनाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की हा फोटो गेल्या वर्षीचा, भेग कंपनीने केव्हाच बुजवली. लोक पुन्हा खुर्च्यांना टेकले. संजनालाही क्षणभर हायसं वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून चंद्रावती उठली. बांधाखालचं पहिलं घर तिचं. ती पडद्यापर्यंत चालत गेली आणि चित्र नीट न्याहाळून लोकांकडे वळली.

"फोटो जुनोच आसा," ती म्हणाली. "आता तेच्यात माजो हात जाता."

तिने उजवा हात वर केला. पाऊस अजून सुरू झाला नव्हता, पण कोपरापर्यंत लागलेली लाल माती ओली होती.