चौथं शिखर

वर्णपटाच्या आलेखातल्या एकाच फुगवट्याखाली सॉफ्टवेअरने चार शिखरं बसवली होती. चौथं अगदी इवलं, मोठ्यांच्या आड अंग चोरून उभं.

"ते उगीच मधे लुडबुडतंय. काढून टाक," प्रयोगशाळेतले सर तिच्या पडद्याकडे बघत म्हणाले.

तिने काढलं. उरलेली तिन्ही जराशी फुगली, त्याची जागा भरून निघाली आणि रेषा मोजमापांच्या ठिपक्यांवर चपखल बसली.

घरी तिने सवयीने भरपूर स्वयंपाक केला आणि तीन ताटं वाढली. नवरा, लेक आणि ती. सगळेच दोन घास जास्त जेवले. काही उरलं नाही.

"आई, मी तर एकुलती एक," लेक म्हणाली. "मग तुम्ही मला थोरली का म्हणता गं?"

तिने ताटं उचलली. चौथी खुर्ची आत सरकवायला तिने हात लावला. बसायची जागा अजून कोमट होती.