तारप्याची थंडी

कृष्णकांत मास्तरांनी तारपा तोंडाला लावला, तेव्हा दिल्ली त्यांच्यापासून एका नाचाच्या अंतरावर होती. प्रजासत्ताक दिनाला तारपानाचाचं पथक जायचं होतं. नाचणारे ठरले होते, वादक ठरायचा होता. ठाण्याहून आलेले साहेब बोईसरच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसून तो निवडणार होते. निवड झाली तर जायचं-यायचं भाडं, राहणं, जेवण, आणि परत आल्यावर गावात जन्मभर पुरेल एवढं बोलणं. आपली तयारी साहेबांच्या डोळ्यांत भरावी म्हणून मास्तरांनी पालघरच्या शिंप्याकडून लोकरी कोटही शिवून घेतला होता. नोव्हेंबरातल्या उकाड्यात तो अंगात होता. घाम येत होता, पण कोट दिसत होता.

अडचण एकच होती. मास्तरांना तारपा वाजवता येत नव्हता.

मेळाव्याआधी तारपा शिकवण्याचं शिबिर झालं होतं. शिकवायला वाणगावच्या आतल्या पाड्यावरचा मंगळ्या, आणि शिकणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मास्तर. शाळेत ते पेटी वाजवायचे, आणि गणितात पोरांना भोपळा देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे खऱ्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडलेलं हे वाद्य म्हणजे आठवड्याचं काम, असा त्यांचा अंदाज. पण तारप्यात श्वास तुटून चालत नाही. तोंडानं फुंकत असतानाच नाकानं नवा दम घ्यायचा. मंगळ्यानं सगळ्यांना पपईच्या देठाची नळी पाण्यात बुडवून बुडबुडे काढायला लावलं. इतरांचे बुडबुडे चालू राहिले. मास्तरांना ठसका लागला.

"मास्तर, दम नाकातून घ्या."

"नाक एकच आहे रे मला!"

"मला पन एकच हाय."

शेवटी मास्तरांनी तारप्यातून जो आवाज काढला, तो ऐकून शेजारच्या कारखान्यातला एक कामगार कुंपणाशी येऊन विचारून गेला, "भाईसाब, शिफ्ट छूट गई क्या?"

मग मास्तरांनी दुसरी वाट काढली. आपण तारपा नुसता तोंडाला लावून स्टेजवर उभं राहायचं, मंगळ्यानं मागच्या पडद्याआडून वाजवायचं. जानेवारीपर्यंत श्वास जमेलच. प्रश्न फक्त मंगळ्याला वळवण्याचा होता.

"दिल्लीची थंडी तुला ठाऊक नाही, मंगळ्या," मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तिथं मेण तडकतं. तारपा मुका होतो."

मंगळ्यानं तारप्याच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. सगळे मेणानंच बसवलेले. तारपा त्याच्या बापाच्या हातचा होता.

"मंग मी पडद्यामागंच बरा," तो म्हणाला.

नाचणाऱ्यांना मात्र कोणी काही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं काय? नाचायचं, बस्स.

आणि आता तारपा घुमला. मास्तरांनी गाल फुगवले. मंगळ्या मिटतो तसे डोळेही मिटले. एकमेकांच्या कमरेला हात घालून बाया-पोरांची रांग डुलत स्टेजवर आली. टोकाला नवसी, मंगळ्याची बायको. तिचा नाचातला नियम एकच: तारपा जाईल तिकडे जायचं, तारप्याला पाठ दाखवायची नाही. रांग मास्तरांभोवती अर्धी फिरली आणि नवसीचा पाय अडखळला. वाजणारा तारपा तिच्या पाठीशी होता. तिनं मास्तरांकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग तिनं रांग वळवली, पडद्याची कड उचलली, आणि अख्खी रांग ठेका न चुकवता आत गेली.

स्टेजवर मास्तर उरले. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, खांदे डुलताहेत. मैदानभर हसू फुटलं. ती दाद समजून मास्तरांनी गाल आणखी फुगवले.

पडद्यामागे जागा हातभर. नवसीची रांग तिथंही गोल धरू लागली. पडदा फुगला, दोरी तुटली आणि सगळं कापड मास्तरांच्या डोक्यावर आलं. मागे मंगळ्या वाजवतच होता. त्याचा श्वास काही तुटला नाही.

साहेब डोळे पुसत उभे राहिले. "दिल्लीला हाच जाणार."

मंगळ्यानं तारपा छातीशी धरला. "नको साहेब. थंडीनं मेण तडकतं. तारपा मुका होतो. मास्तर बोलले."

"असं?" साहेब पडद्यातल्या उंचवट्याकडे वळले. "खरंय का हो, मास्तर?"

मास्तर कापडातून बाहेर आले. आत्ताच एक खोटं उघडं पडलं होतं, लगेच दुसरं कबूल करणं परवडणारं नव्हतं. "खरंय साहेब," ते म्हणाले. "फार जपावं लागतं. ऊब लागते त्याला."

नवसी जवळ आली. मास्तरांच्या कोटाची बाही तिनं चिमटीत धरली, चोळून पाहिली.

"लई गरम हाय, मास्तर," ती म्हणाली. "काढा. तुमाला उकडतंय."

साहेब बघत होते. मास्तरांनी काढला.

जानेवारीत कोट ठरल्याप्रमाणे दिल्लीला गेला, वरपर्यंत बटणं लावून. कापड मास्तरांचं, शिलाई मास्तरांची, आणि आत भोपळा.