टेंभी नाक्याची हंडी

सोसायटीच्या प्रदर्शनासाठी शिवानीने खेळण्यातल्या ठोकळ्यांची दहीहंडी उभारली होती. अगदी टेंभी नाक्यावर असते तशी, सात थरांची. पहिला नंबर तिलाच हवा होता. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी पोहोचले, तेवढ्यात तिच्याच कोपराचा धक्का लागला आणि सातही थर कोसळले.

"राहू दे बाळा, पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं.

"आजोबा, गप्प बसा हं!" तिने वर टांगलेली हंडी काढून तिचे दोन तुकडे केले, माझ्या कानातला कापूस काढला आणि दही म्हणून पडलेल्या गोविंदांवर पसरला.

परीक्षक आले. "अगं, हे काय? सगळे पडलेत की!"

"काका, उशीर केलात. आत्ताच फुटली!"