कडेची जागा

लेन्स कोणती घ्यावी या विचारात घैसासांचे चार महिने गेले होते. आज दुकानात त्यांनी झूम नसलेली एक वाइड लेन्स कॅमेऱ्याला लावून पाहिली.

"मंगल कार्यालयाच्या अंधुक उजेडातही हिला फ्लॅश लागत नाही, आणि सगळं गणगोत एका फोटोत मावतं," असं म्हणत त्यांनी काउंटरपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचा फोटो काढला.

मधोमध उभा असलेला दुकानदार झकास आला होता. कडेला उभ्या असलेल्या घैसासांच्या सौभाग्यवती, कुंदाताई, मात्र चांगल्या दीडपट दिसत होत्या. नात्यातल्या मागच्या लग्नाचा अल्बम बघताना घैसासांची बहीण चारचौघांत म्हणाली होती, "वहिनी, तू काही फोटोत मावत नाहीस हं!" तेव्हापासून नवराबायको दोघंही रात्री मुगाच्या कढणावर होते.

"वाइड लेन्समध्ये कडेची माणसं जरा ताणली जातात," ते चाचरत म्हणाले. "आपण दुसरी बघू."

"आणि मधली?"

"मधली आहेत तशीच येतात."

कुंदाताईंनी फोटो पुन्हा निरखून पाहिला.

"हीच घ्या. रविवारी मुंजीत मी मधोमध उभी राहते. वन्संना अगदी कडेला, मानानं उभं करा."