हिरवं सफरचंद, थोडा मध

साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. कारखान्यातून वायू गळला, पण कुणालाही इजा झाली नाही, असं अहवालात तुमच्या सहीनिशी छापलंय. माझे बाबा तीस वर्षं बारमध्ये नुसत्या वासावर गिऱ्हाइकांना व्हिस्की निवडून देतात. त्या दिवसापासून घरात दूध करपलं तरी त्यांना पत्ता नसतो. म्हणून काल बार उघडायच्या आधी मी त्यांच्यापुढे एक ग्लास ठेवला.

"बाबा, एकजण पहिल्यांदाच आयरिश व्हिस्की घेणार आहे. ही चालेल?"

त्यांनी नाक ग्लासाशी नेऊन लांब श्वास घेतला. "अगं, चालेल काय, पळेल! हिरवं सफरचंद, थोडा मध, धुराचा मागमूस नाही. डोळे झाकून दे."

ग्लासात तपकिरी व्हिनेगर होतं.

आता हे त्यांना मी सांगू, की तुम्ही येऊन सांगता?