चौथ्या सिलिंडरचा दम

जळकोटच्या रस्त्यावर रसूल मिस्त्रीच्या शेडपुढं बंदूकवाल्यांची जुनी लॉरी फाटफाट करत बंद पडली. निजामाविरुद्ध झेंडा लावणारी पलीकडची वाडी त्यांना जाळायची होती, पण गाडी चढ चढेना.

"रसूलमियाँ, तुम्ही तर आपलेच. लवकर बघा," म्होरक्या म्हणाला.

रसूलची बायको हमिदाबी घागर घेऊन वाडीच्या विहिरीकडं निघाली. रसूलनं पहिला प्लग काढला आणि भोकावर अंगठा दाबून धरला.

"आत दम असंल तर अंगठा उडतो. फिरवा हँडल."

बंदुका भिंतीला टेकवून माणसं पाळीपाळीनं हँडल मारू लागली. पहिला झाला, दुसरा, तिसरा, चौथा. मग पुन्हा पहिल्यापासून. मग एकेकात तेल सोडून परत तेच. हँडल मारून मारून त्यांचे दंड भरून आले, पण रसूलचं आपलं एकच चाललं होतं, "अजून एकदा."

उन्हं कलली तेव्हा हमिदाबी परतली. घागर रिकामीच होती.

"वाडीत पाणी शेंदाया पोहरा बी न्हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लेकराबाळांसकट समदे निजामाच्या हद्दीपल्याड गेले."

रसूलनं अंगठा पुसला. "चौथ्यात दम न्हाय. व्हॉल्व जळलाय."

म्होरक्यानं बंदूक उचलली. "एवढं कळायला दिवस लागला तुला?"

"मला पहिल्याच फेरीत कळलं," रसूल म्हणाला. "वेळ वाडीला लागला."