मशीनचं नाक

भागवतने पन्नासाव्यांदा दोरी ओढली. मशीन खुर्रर करून पुन्हा गप्प बसली.

समोर गोठ्यावर वादळाने कडुनिंब आडवा झाला होता. एक जाडजूड फांदी पत्र्यासकट खाली आली होती आणि तिच्याखाली म्हशीची मान गव्हाणीवर दाबली गेली होती. आठ महिन्यांची गाभण म्हैस. कुऱ्हाडीचा एकच घाव घालून पाहिला, तर अख्खी फांदी हादरली आणि म्हैस अशी रेकली की दुसरा घाव घालायची कुणाची छाती झाली नाही. जेसीबी बोलावला होता; तो ओढ्यापलीकडच्या काळ्या चिखलात रुतून स्वतःच मदतीची वाट बघत होता. राहता राहिली ही लाकूड कापायची मशीन. उन्हाळ्यात परभणीहून आणलेली, भागवतचा जीव की प्राण. तिनेही ऐन वेळी दगा दिला होता.

दोरी ओढायला गडी कमी नव्हते आणि सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. एक म्हणे पेट्रोल शिळं झालंय, दुसरा म्हणे चोक सोडूच नका. भागवतच्या तळहातांना फोड आले. त्याची बायको राजेश्री म्हशीच्या तोंडावर पाणी शिंपडत होती. माहेराहून आणलेली एवढीशी वगार तिने हाताने चारून एवढी मोठी केली होती. आता तिचा श्वास घरघरत होता.

तेवढ्यात बसम्मा आली, ती कमरेला पाना खोचूनच. साठी ओलांडलेली बाई. पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप स्वतः पाठीवर घेऊन गावभर मजुरीने पिकं फवारायची आणि बिघडले तर स्वतःच दुरुस्त करायची. चहाला उकळी फुटेपर्यंत बसम्मा इंजिन उघडून परत बसवते, असं ताडकळसच्या बाजारातही लोक सांगत.

"वडणं बंद करा आदी," ती म्हणाली. "तहान न्हाई लागली तिला. पेट्रोलात बुडायलीय ती."

खाली बसून तिने मशीन मांडीवर घेतली. बटण बंद केलं. प्लग काढला, तर ओलाचिंब. तो पदराने पुसून बाजूला ठेवला. मग मशीन उलटी धरून आठ-दहा वेळा दोरी ओढली, तसे प्लगच्या भोकातून पेट्रोलचे फवारे मातीत उडाले. मागे म्हैस कण्हत होती, गडी "आक्का, लवकर, लवकर" करत होते. बसम्माने मान वर केली नाही.

राजेश्रीला आधी तिचा राग आला. जनावराचा जीव चाललाय आणि ही बाई वाती वळत बसल्यासारखी बसलीय! मग तिचं लक्ष त्या हातांकडे गेलं आणि राग कुठल्या कुठे गेला. एक बोट उगाच हलत नव्हतं. घाईही नाही, उशीरही नाही. असे हात आपल्याला असते तर, असं तिला वाटून गेलं.

मग बसम्माने मशीनचं वरचं झाकण उघडलं आणि राजेश्रीने वाकून आत पाहिलं.

आतली हवेची जाळी लालभडक होती.

आठच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, घरातल्या विळ्या-कुऱ्हाडींची पूजा करताना तिला वाटलं होतं, बाहेरून काय, सगळेच लावतात. नव्या मशीनला आतून लावावं. म्हणून तिने हे झाकण उघडून पांढऱ्याशुभ्र जाळीवर पाण्यात कालवलेलं कुंकू मनसोक्त माखलं होतं. त्याचा आता वाळून गिलावा झाला होता. मशीनला श्वास घ्यायला नाकच उरलं नव्हतं.

बसम्माने एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा राजेश्रीच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे. भोवती दहा गडी, नवरा, सासू. तिने जाळी ओढून काढली आणि डाव्या मुठीत मिटली.

"कचरा बसलाय," ती म्हणाली. "धा मिनिटं बिनजाळीची चालंल." झाकण लागलं, प्लग बसला, चोक मोकळा झाला, बटण चालू झालं. "हं भागवत, वड आता."

पहिल्या ओढीला मशीन फुरफुरली. दुसऱ्या ओढीला धूर सोडून कडाडली. बसम्माने बोटाने जागा दाखवली, कापलेल्या फांदीचा भार मानेवर येऊ नये म्हणून खाली दोन बल्ल्या लावायला लावल्या. फांदी दोन तुकडे होऊन बाजूला पडली. म्हैस थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग अंग झाडत, लटपटत उठली. राजेश्री तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

"आक्का, लय उपकार झाले," भागवत घाम पुसत म्हणाला. "पर बिघाड काय हुता?"

"तू चोक लावून वडत बसलास. पेट्रोल ओवर झालतं."

ते खोटं नव्हतं. राजेश्री गप्प बसली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण बसम्माची मूठ अजून मिटलेलीच होती, आणि ते तिला बघवेना.

"न्हाई," ती म्हणाली. "दसऱ्याला मी मशिनीत कुंकू भरलतं. माज्यामुळं झालं सगळं."

सगळ्यांनी बायनाबाईकडे पाहिलं. राजेश्रीच्या या सासूच्या जिभेला हाड नाही, हे गावाला ठाऊक होतं. म्हातारी काठी टेकत बसम्माजवळ आली आणि तिने स्वतःच्या हाताने ती मूठ उघडली. पेट्रोलने कुंकू भिजलं होतं. बसम्माची पाचही बोटं लाल झाली होती. बायनाबाईने तो हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

"रडू नगंस, राजेश्री," ती म्हणाली. "उशिरा का हुईना, कुंकू खऱ्या हत्याराला लागलं."